तुझी अनुमती पायजे

१६ सप्टेंबर १९४६, सोम.
आज ह्यांनी ट्रंक उपसली. पूजा करून आले ते थेट माजघरात. ट्रंकेची किल्ली स्वतः कधी शोधली नाही, आज शोधली. काळा लोकरी कोट, दोन पटके, जरीकाठी उपरणं, वहाणा. सतरंजीवर तीन ढीग केले. एक देवळाला, एक लोकांना द्यायचा, एक घरात ठेवायचा. घरातला ढीग सगळ्यात लहान.
पर्युषण पर्व संपलं त्या दिवशी नदीपलीकडं मुनिमहाराजांपुढं व्रत घेऊन आलेत. स्वतःचं म्हणून आता दोन धोतरं, दोन पंचे, चटई, तांब्या, जपमाळ आणि एक पोथी. बस्स.
मी म्हटलं, "कोट थंडीला लागंल."
"थंडी येती आनि जाती."
 आजवर ह्यांनी ठरवलं की ठरलं. रान कुठलं घ्यायचं, पोरांना किती शिकवायचं, दारात कुणाला उभं करायचं. हेही ठरलंच असणार.

१८ सप्टें., बुध.
दोन दिवस माणसांची ये-जा. कोट न्हाव्याला झाला. पटके दोघा गड्यांना. छत्री, तराजू, दाढीचं सामान. हे प्रत्येकाला हात जोडून देतात, घेणाराच अवघडतो. सखाराम गडी पटका हातात धरून रडायलाच लागला. "मालक, तुमच्या डोईचा मी कसा बांधू?"
भूपालनं, आमच्या थोरल्यानं, घड्याळ मागून घेतलं.
दुपारी देवळातले दोघं आले आणि माजघरातला झोपाळा काढायला लागले. मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या झोपाळ्यावर दोन्ही पोरं निजवली. जेवणं उरकली की घटकाभर मी तिथंच टेकते. दिवसातली तेवढीच माझी.
म्हटलं, "झोपाळा माझा हुता."
हे शांतपणे म्हणाले, "वस्तू कुनाचीच नसती."
"मग तुमी देतासा कशी?"
देवळातले थांबले. हे माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "राहू द्या." पण तोवर दोन कड्या निघाल्या होत्या. मीच म्हटलं, न्या.
माजघर फार मोठं दिसतंय.

२२ सप्टें., रवि.
किल्ल्यांचा जुडगा माझ्यापुढं ठेवला. भूपालला वाटलं होतं, त्याला मिळेल. तो उठून गोठ्याकडं गेला. कमल, आमची सून, ताट घासत होती, तिनं मान वर केली नाही.
मग कळलं, आणखी एक व्रत झालंय. घरच्या कुठल्याही कामात मत द्यायचं नाही. कुणी विचारलं तरी हो म्हणायचं नाही की नाही म्हणायचं नाही.
दिवस मावळायच्या आत जेवणं झाली. भूपाल येऊन बसला. "आप्पा, नदीकडंच्या रानात औंदा काय घ्यायचं? ऊस का शाळू जोंधळा?" ह्यांनी डोळे मिटले. त्यानं पुन्हा विचारलं. हे उठून चटईवर गेले.
मग दोघंही माझ्याकडं बघायला लागली. भूपाल आणि कमल.
मला आजवर फार तर भाजी कुठली करायची एवढं विचारलंय. तोंडाला आलं ते बोलून गेले, "शाळू घ्या. श्रावणात पानी चढलं तवा ऊस पिवळा पडल्याला मी बघितलाय."
भूपाल हसला. पण कुळव धरायला सांगितलाय असं कमल म्हणते.
 शाळू बुडाला तर?

२५ सप्टें., बुध.
सकाळी पाणी गाळत होते. हे येऊन उंबऱ्यावर बसले. असे कधी बसत नाहीत.
"कार्तिकात महाराज क्षुल्लक दीक्षा देतो म्हनालेत."
मी फडकं पिळत राहिले.
"पर घरच्या मानसांनी सभेत हो म्हनायला लागतं. तुझी अनुमती पायजे."
छत्तीस वर्षांत पहिल्यांदा मला काही विचारलं.
क्षुल्लक म्हणजे एक लंगोटी आणि एक आखूड वस्त्र. मोरपिसांची पिंछी, कमंडलू. दिवसातून एकदाच जेवण. घर नाही. कधी आमच्या दारात आले तर दुसऱ्या कुणाच्याही दारात जातील तसे येणार, आहार घेणार, निघणार. मी नमस्कार करायचा. एवढंच.
विचारलं, "कवा सांगू?"
"सवडीनं."
पाणी पुन्हा पहिल्यापासून गाळावं लागलं. कितवा हंडा ते विसरले.

२९ सप्टें., रवि.
गावात कळलंच. बायका येऊन माझ्या पाया पडतात. नणंदबाई मिरजेहून आल्या. "वहिनी, भाग्यवान हायसा. अख्ख्या घराण्यात असं कुनी निघालं न्हाई." रडत होत्या, आनंदानंच. मला रडू येईना, तर त्याचंही कौतुक. "बघा किती स्थिर हायत."
भूपाल गोठ्यात गाठून म्हणाला, "आई, न्हाई म्हन. तू न्हाई म्हनलीस तर महाराज देनार न्हाईत."
"तू सांग की."
"मी कसं सांगू? मी ल्योक हाय."
आणि मी कोण? 

३ ऑक्टो., गुरु.
दसरा आला म्हणून झाडलोट. माळा काढला. मोडकी पाभर, कण्या भरायच्या दुरड्या, मागं एक गाठोडं. सोडलं तर शांतीचं.
शांतिनाथ, धाकटा. पाटी, दोन इंग्रजी पुस्तकं, बोर्डिंगात घालायचा सदरा. सदऱ्याच्या खिशात बोराच्या बिया.
चार वर्षं हे नाव ह्या घरात कुणी घेतलं नाही. साताऱ्याला शिकायला ठेवला होता. तिथं टायफॉईड झाला. इस्पितळातल्या नर्सनं राखला म्हणून वाचला. मग तिच्याशीच लग्न केलं. वत्सला, मराठ्यांची; आमच्या जैनांतली नव्हे. घेऊन आला दाखवायला, तर वेशीतच ह्यांनी अडवलं. तिला गाडीतनं उतरूही दिलं नाही. गावासमोर म्हणाले, "मला एकच ल्योक हाय." आमचं घर वेशीलगतच, मी दारात उभी होते. पायरी उतरले नाही.
पुढं दोन कार्डं आली, देवळात पूजा सांगणाऱ्या उपाध्यांच्या पत्त्यावर. मुलगी झाली, सुधा. छापखान्यात खिळे जुळवतो.
गाठोडं खाली आणलं. ह्यांनी बघितलं, ओळखलं. आणि उचलून द्यायच्या ढिगावर ठेवलं. हात जरासुद्धा थांबला नाही.
मी परत उचललं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.
"पेटीतलं समदं काढलंसा. पोटातलं कवा काढनार?"

६ ऑक्टो., रवि.
हे तीन दिवस बोलले नाहीत. जप वाढवलाय.

८ ऑक्टो., मंगळ.
सांगून टाकलं. सकाळी पूजेहून आले, मी ओसरीवर वाट बघत होते.
"पर्व संपलं त्या दिवशी समद्यांची क्षमा मागितलीसा. गड्यांची, बैलांची. मुंग्यांची बी. शांतीची न्हाई मागितली."
"त्यानं धर्म सोडला."
"तुमी त्याला सोडला. साताऱ्याला चला. त्याची क्षमा मागा. मग मला इचारा."
"अट घालतीस?"
"व्हय."
हे चटईवर बसले, भिंतीकडं तोंड करून. मी आत आले. चुलीपुढं बसून राहिले. कमलनं भाकऱ्या भाजल्या, मला उठवलं नाही.

११ ऑक्टो., शुक्र.
उपाध्ये आले. भला माणूस. कार्डं त्यांनीच आजवर लपवून आणून दिली. पण आज म्हणाले, "वहिनी, दीक्षेच्या आड येणं बरं न्हवं. त्याचं कर्म बांधलं जातं." मी विचारलं, "आनि पोराला वेशीतनं परत पाठवलं त्याचं?" ते डोकं खाजवत राहिले. म्हणाले, "ते बी बांधलं जातं."
त्यांना आणखी एक विचारलं. दीक्षा झाल्यावर माझ्या कुंकवाचं काय? म्हणाले, ग्रंथात बघून सांगतो. अजून सांगितलेलं नाही.
भूपाल वेगळ्याच काळजीत. "त्याला परत आनून रानाचं वाटं करायचं हायत का तुला?" म्हणजे हा पोरगा गोठ्यात 'न्हाई म्हन' म्हणाला ते... नाही. दोन्ही खरं असेल. बापही पाहिजे, रानही.
मला भीती वाटते. मी खरंच शांतीसाठी अडवतेय की ह्यांना ठेवून घ्यायला निमित्त शोधतेय?  

१४ ऑक्टो., सोम.
आज जेवताना हे म्हणाले, "उद्या गाडी किती वाजता हाय, भूपालला इचार."
त्याला विचारायच्या आधीच मला साताऱ्याच्या गाडीची वेळ माहीत होती. चार वर्षं माहीत आहे.

१६ ऑक्टो., बुध. सकाळ. सातारा, देवळाची धर्मशाळा.
काल काय झालं ते लिहिते. लिहिलं नाही तर बदलत जाईल.
सातारा रोड स्टेशनावर उतरलो, तिथून मोटार. हे वाटेत जप करत होते. मी खिडकीतनं अजिंक्यतारा येताना बघितला. बोळात एका खोलीचं बिऱ्हाड. दार वत्सलेनं उघडलं. तिला मी आजवर गाडीच्या आडोशाला पाठमोरीच बघितलेली. सावळी, उंच. इस्पितळाची पांढरी साडी अजून अंगावर होती. ह्यांच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, पदर डोक्यावर घेतला. "या," म्हणाली.
हे आत गेले नाहीत. तिनं तांब्या भरून आणला. बाहेरचं पाणी ह्यांना चालत नाही. तिच्या लक्षात आलं. "गाळल्यालं हाय, मामंजी. दुहेरी फडक्यातनं. ह्यांनी शिकवलंय." तरी ह्यांनी घेतलं नाही. तिनं तांब्या खाली ठेवला, रागानं नाही, हळू. मी उचलला आणि सगळा प्याले.
मग ह्यांनी हात जोडले. "बाई, तुमचं तोंड बी बघितलं न्हाई आनि चार वर्सं वाईट बोललो. क्षमा करा."
ती म्हणाली, "तुमी बोलला ते मला ऐकू आलं न्हाई. ज्याला आलं तो पाचला येतो."
पाचपर्यंत हे बाहेरच्या कट्ट्यावर बसले. मी आत. सुधानं मला तिची बाहुली दाखवली, चिंध्यांची. नाक माझ्या आईसारखं आहे पोरीचं. वत्सलेनं विचारलं, घरी सगळ्यांचं कसं चाललंय. मी म्हटलं, बरं. ती पालक निवडत होती, मीही निवडायला बसले. दोघींनाही बरं वाटलं, हाताला काम होतं.
शांती आला. बोटं शाईनं काळी. आधी माझ्या पाया पडला. मग कट्ट्याकडं वळला.
हे उभे राहिले. "शांती, मी चुकलो. क्षमा कर."
तो मोरीवर जाऊन हात धुवायला लागला. शाई निघतच नव्हती, तरी घासत होता. तिथूनच बोलला.
"आप्पा, उपाध्यांचं पत्र आलं हुतं. कोट दिलासा म्हनं."
"व्हय."
"पटकं दिलंसा. झोपाळा दिलासा. आनि आता राग द्यायला आलासा. तुमाला हलकं व्हायचं हाय म्हनून. मला घरी न्यायला आला न्हाईसा."
 घर आता ह्यांचं राहिलं नाही. न्यायचं म्हटलं तर कुठं न्यायचं?
"क्षमा केली म्हनलो तर ते खोटं हुईल. खोटं पदरात घिऊन दीक्षा घेनार का?"
"न्हाई," हे म्हणाले.
सुधा मधे येऊन उभी राहिली. "हे आजोबा हायत? राहनार हायत?"  वत्सलेनं तिला उचलून घेतलं.
हे पुन्हा हात जोडून उभे. शांतीकडं नाही बघितलं, जमिनीकडं. इतके वाकलेले मी ह्यांना महाराजांपुढंही बघितलं नव्हतं. मग आम्ही निघालो.

१६ ऑक्टो., तोच दिवस. गाडीत. अक्षर हलतंय.
मोटारीपर्यंत शांती सोडायला आला. एकटा. ह्यांच्याशी बोलला नाही, पण ह्यांचा तांब्या आणि चटई त्यानंच आणली. मला बाजूला घेऊन म्हणाला, "आई, तू हो म्हन न्हाईतर न्हाई म्हन. माझ्यावर टाकू नगंस."
"मी तुझ्यावर टाकलं?"
"टाकलंस की. मी क्षमा केली तर तू हो म्हननार. मग मी काय ठरवायचं, आप्पांनी जायचं का न्हाई?"
बरोबर बोलला. सगळं आयुष्य ह्यांच्यावर टाकत आले, ते व्रतात गेले तर पोरावर टाकायला निघाले.

रहिमतपूर गेलं. हे आत्ता बोलले. विचारलं नसताना.
"त्या दिवशी मी धर्मासाठी न्हाई अडवलं. पाटील आनि ती चार मानसं वेशीत उभी हुती. ती काय म्हनतील त्याला भ्यालो. मग चार वर्सं त्यालाच धर्म म्हनत बसलो."
खिडकीबाहेर बघत होते.  मग म्हणाले, "पोरगीचं नाक तुझ्या आईवानी हाय."
म्हणजे बघितलं होतं.

१९ ऑक्टो., शनि.
घरी. हे आता बोलतात. घरच्या कामात नाही, पण बोलतात. परवा त्यांच्या आईचं सांगितलं, लहानपणी वारणेत बुडत होते ते सांगितलं. छत्तीस वर्षांत मला माहीत नव्हतं की ह्यांना पाण्याची भीती वाटते. काल विचारलं, "तू त्या दिवशी पायरी उतरली न्हाईस. का?" मी म्हटलं, "तुमाला भ्याले." म्हणाले, "मी लोकांना, तू मला." आणि हसले. दोघंही हसलो. कमल आतनं बघायला आली, काय झालं.
आणि हाच माणूस जाणार. आत्ता कुठं ह्यांच्याशी चार शब्द बोलता यायला लागलेत. आधीचा गेला असता तर मी लगेच हो म्हटलं असतं, हेही आज कळलं, आणि लाज वाटली.

२७ ऑक्टो., रवि.
दिवाळी झाली. भगवंतांच्या निर्वाणाचा लाडू देवळात चढवला.
हे माळ्यावरनं खाली उतरले नाहीत फारसे, ध्यान चालू. मी माझं कपाट काढलं. कुणी सांगितलं नव्हतं. बारशाच्या कुंच्या, पाटल्यांचे रिकामे डबे, लग्नातली पाच लुगडी, त्यातलं एक कसरीनं खाल्लेलं. एकेक घेऊन बसले. हे ठेवायचं का? कशासाठी? दोन लुगडी कमलला दिली, एक नणंदेला. कुंच्या फेकवेनात. ठेवल्या. ह्यांच्यासारखं मला जमत नाही. हे सगळं एकदम ठेवून मोकळे झाले, मी एक कुंची हातात घेऊन तासभर.
कमल म्हणाली, "आत्याबाई, तुमी बी जानार का कुटं?"
"कुटं जाऊ?"
"न्हाई, इचारलं."
पोरीनं साधं विचारलं, आणि मी दिवसभर त्याच प्रश्नात. कुठं जाऊ? इथं भूपालच्या घरात किल्ल्या घेऊन राहायचं? साताऱ्याला? का नणंदबाई म्हणतात तसं बायकांच्या आश्रमात, श्राविकाश्रमात? पूर्वी असं विचारायची गरजच नव्हती.

२ नोव्हें., शनि.
वत्सलेचं कार्ड. शांतीचं नाही. "सुधा विचारते आजी कधी येणार. थंडीत इकडे या. ह्यांचा राग आप्पांवर आहे, घरावर नाही. थोडा वेळ द्या."
भूपालला वाचून दाखवलं.  मग म्हणाला, "थंडीत जायचं आसंल तर मी पोचवीन." मग उंबऱ्यावरनं वळून, "रानाचं मी बोललो ते... जाऊ दे."
ह्यांना दाखवलं. दोनदा वाचलं. जपून परत दिलं. मत विचारलं नाही मी, त्यांनी दिलंही नाही.

५ नोव्हें., मंगळ.
शेवटी थेट विचारलं. "समजा मी न्हाई म्हनले. मग?"
 "मग हितंच राहीन. याच चटईवर. तुला दोष देनार न्हाई."
"मनात बी न्हाई?"
"मनाचं आज कसं सांगू?"
खरं बोलले. पूर्वीचे असते तर म्हणाले असते, मनात बी न्हाई, आणि मी विश्वास ठेवला असता.
"आनि हो म्हनले तर? तुमाला माझी आठवन येईल?"
"येईल. ती बी सोडायला शिकायचं."
उठून परसात गेले. वालाच्या शेंगा तोडल्या, पाटी भरली. एवढ्या शेंगा कुणालाच नको होत्या.

८ नोव्हें., शुक्र.
सकाळीच नावेनं पलीकडं आलो. हे नावेत मधोमध बसले, काठ घट्ट धरून. पाण्याकडं बघत नव्हते. मला आता माहीत आहे का ते. मी जवळ सरकून बसले.
महाराजांचं दर्शन झालं. सभा उद्या. मंडप घालतायत, आसपासच्या गावांतनं गाड्या यायला लागल्यात. बायका ओळखतात, बाजूला होऊन वाट देतात.
उपाध्ये भेटले. कुंकवाचं विचारलं. म्हणाले, "वहिनी, चार जनांनी चार सांगितलं. तुमीच ठरवा."

९ नोव्हें., शनि. दुपार.
सभा भरली. महाराजांनी भूपालला विचारलं. तो उभा राहिला आणि "हो" म्हणाला. नणंदबाईंनी हो म्हटलं. शांती आला नव्हता. त्याचं विचारलं तर हे स्वतः उठले आणि सगळ्या सभेसमोर म्हणाले, "मला दोन ल्योक हायत. धाकट्याची मी क्षमा मागितली. त्यानं केल्याली न्हाई. चूक माझी." सभेत कुजबूज झाली. पाटील मान खाली घालून बसला होता.
महाराज डोळे मिटून बसले. मग माझ्याकडं वळले. "बाई, तुमची अनुमती आहे का?"
सगळी सभा माझ्याकडं. तोंडात शब्द होता, कुठला ते मलाही सांगता येणार नाही. मी म्हटलं, "मला जरा वेळ द्या."
नणंदबाईंनी पदर तोंडाला लावला. भूपालचं तोंड पांढरं. महाराज म्हणाले, "घाई नाही. संध्याकाळपर्यंत सांगा. त्यांना कुणी काही बोलू नका."
म्हणून धर्मशाळेच्या ह्या खोलीत बसलेय. बाहेर भजन चालू आहे. खिडकीतनं हे दिसतात, कडुलिंबाखाली बसलेत, ताठ. इकडं बघत नाहीत. बघितलं तर मला अडचण होईल म्हणून बघत नाहीत, एवढं आता मला कळतं.
मागच्या पानावर "हो" लिहून बघितलं. खाली "नाही" लिहून बघितलं. दोन्ही माझ्याच अक्षरात आहेत. आजवर ह्यातलं कुठलंच अक्षर माझं नव्हतं.
दारात कमल आलीय. "आत्याबाई, बोलिवलंय." डोळे पुसते आहे.
उठते.